जबाबदार व्यक्तीचा रकाना

काळेवाडीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, लग्नाचे बायोडाटा, सोसायट्यांच्या पाण्याच्या नोटिसा, सगळं टाइप करून झालंय. माणूस पायरी चढला की त्याच्या हातात काय असेल ते मी ओळखते. घटस्फोटवाला फाईल छातीशी धरून येतो, जागेच्या भानगडीवाला कागद पिशवीत लपवून आणतो. साहेबराव मात्र मला ओळखता आले नाहीत. हातात जाडजूड बॉक्स फाईल, तिच्यावर लाल अक्षरांत 'नियंत्रित प्रत', आणि चेहरा दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा.

"ताई, इथं पटकथा टाइप होती का?"

"होते," मी म्हटलं. गिऱ्हाईक परत पाठवायची मला सवय नाही. पटकथा कशी टाइप करतात हे मला ठाऊक नव्हतं, पण प्रतिज्ञापत्र तरी पहिल्या दिवशी कुठे ठाऊक होतं?

त्यांनी फाईल उघडली आणि माझं डोकं गरगरलं. दोनशे बारा पानं, आणि प्रत्येक पानावर तक्ता. वर 'दस्तऐवज क्रमांक पट-०१, आवृत्ती ७'. खाली तीन चौकटी: तयार केले, तपासले, मंजूर केले. तिन्ही चौकटींत एकच सही. तक्त्याला सहा रकाने होते: अनुक्रमांक, कृती, जबाबदार व्यक्ती, साधने, अपेक्षित परिणाम, शेरा. मी मधलंच एक पान काढून वाचलं.

'९.४. गणराज रडतो. जबाबदार व्यक्ती: गणराज. साधने: रुमाल. अपेक्षित परिणाम: मन हलके होणे. शेरा: निरंक.'

"काका, हे काय आहे?"

"पटकथा."

"कसली?"

"सिनेमाची," ते म्हणाले, आणि रस्त्यावरून कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं.

मला हसू आलं आणि ते मी लपवलंही नाही. त्यांना वाईट वाटलं असावं, पण ते उठून गेले नाहीत. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. पुण्यातल्या एका संस्थेनं पटकथा लिहिणाऱ्यांसाठी शिबिर ठेवलं होतं. आलेल्या पटकथांतून दहा निवडणार, आणि त्या दहा जणांना शिकवायला सिनेमातली जाणती माणसं बसणार. कागदावर दीड पान नियम होते आणि तळाशी जाड अक्षरांत एक वाक्य: विहित स्वरूपात नसलेली पटकथा वाचली जाणार नाही.

"मागच्या वर्षी पाठवलेली," साहेबराव म्हणाले. "न वाचताच परत आली. ताई, मला निवड झाली नाही तरी चालंल. पण कुणीतरी वाचायला पाहिजे."

शेवटची तारीख पुढच्या महिन्यातला पहिला गुरुवार होती, संध्याकाळी सहा वाजेपर्यंत. हातात तीन आठवडे होते. मी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला.

साहेबरावांबद्दल मला जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण हा माणूस स्वतःबद्दल बोलतानाही परिपत्रक काढल्यासारखा बोलायचा. मूळचे बीडकडचे, केज तालुक्यातले. एक्क्याण्णव साली हेल्पर म्हणून पिंपरीत आले, तिथून चाकणच्या एका कंपनीत. अक्षर मोत्यासारखं, म्हणून साहेबांनी मशिनवरून उचलून कागदपत्रांच्या कक्षात बसवलं. तिथे चोवीस वर्षं. कंपनीत कुठलाही कागद यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे जात नसे. नमुन्याचा क्रमांक चुकला, परत. तारीख राहिली, परत. बाहेरून तपासणीला माणसं आली की साहेब साहेबरावांना शेजारी बसवून घ्यायचे. घर चिखलीत, बायको इंदू, मुलगी लग्न होऊन नाशिकला. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले.

"चिखलीत टायपिंगवाले मेलेत का?" मी एकदा विचारलं. माझी जीभ अशीच आहे.

"तिथं ओळखीचे लोक आहेत," ते म्हणाले.

फर्स्ट शिफ्ट सुटली की ते कंपनीच्या बसनं यायचे, काळेवाडी फाट्यावर उतरायचे, साडेचारला माझ्या स्टुलावर. मी टाइप करायची, ते तक्त्यातली ओळ वाचून दाखवायचे. त्यांना वर्ड येत होतं, पण तक्त्यापुरतंच. तक्ता काढून टाकला की मोकळ्या पानावर कुठे काय ठेवायचं हे त्यांना सुचतच नसे. मला मोकळं पान जमत होतं, पण पटकथा कशी दिसते ते माहीत नव्हतं. आंधळ्यानं पांगळ्याला खांद्यावर घेतलं, अशातली गत.

नियमात लिहिलं होतं की दृश्याचा मथळा डावीकडे, त्यात आत की बाहेर, कुठलं ठिकाण, दिवस की रात्र. खाली वर्णन, फक्त दिसणारं आणि ऐकू येणारं. बोलणाऱ्याचं नाव पानाच्या मध्याकडे, त्याखाली संवाद दोन्ही बाजूंनी आत घेतलेला. यात अवघड काय, असं मला वाटलं. मी स्पेसबार दाबून नाव मधोमध नेलं. पुन्हा स्पेसबार, संवाद आत. ओळ संपली की एंटर. चार दिवसांत एकतीस पानं झाली आणि दिसतही छान होती. मग साहेबरावांनी नियम पुन्हा वाचला: अक्षर बारा आकाराचं. माझं चौदा होतं. मी सगळं निवडून बारा केलं आणि पान बघता बघता विस्कटलं. नावं डावीकडे सरकली, संवाद मध्येच तुटले, एक अख्खी ओळ नुसत्या 'आहे' या शब्दाची झाली.

"ह्ये कशामुळं झालं?" साहेबरावांनी विचारलं.

"मला काय विचारता! तुम्हीच आणलंय हे लचांड!"

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्याच संध्याकाळी त्यांनी ती फाईल फोनवर मागवून घेतली आणि उघडली, तर आत एक अक्षर मराठी नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, टक्के. माझ्या कॉम्प्युटरवर जुना मराठी फॉन्ट. भाडेकरार मी इथेच छापून देते, त्यामुळे माझी फाईल दुसऱ्याच्या घरी कशी उघडते याचं मला कधी सोयरसुतकच नव्हतं. साहेबराव तो फोन उलटसुलट करून बघत होते, जणू दुसऱ्या बाजूनं मराठी दिसेल. मला रडू आलं. खरंच आलं. एकोणीस वर्षं या कामावर घर चालवलं, आणि फाईल म्हणजे काय हेच मला कळलेलं नव्हतं.

त्या रात्रीचा स्वयंपाक मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून, व्हिडिओ बघत केला. वर्डमध्ये स्टाईल नावाची गोष्ट असते. एकदा ठरवून द्यायचं की हा मथळा, हे वर्णन, हे पात्र, हा संवाद, आणि प्रत्येकाचा समास किती. मग पात्राचं नाव लिहून एंटर मारला की कर्सर आपोआप संवादाच्या जागी जाऊन उभा राहतो. इतकी वर्षं हे बटण माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी स्पेसबार बडवत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा! दुसऱ्या दिवशी नवा फॉन्ट टाकला आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

आता काम पळायला लागलं आणि मला गोष्ट दिसायला लागली. तक्त्यात होती तोवर ती मला कळलीच नव्हती. चाकणजवळच्या गावातला एक कंत्राटी कामगार, गणराज. पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशिनवर काम करतो. या मशिनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत राहायला नको. प्रेस क्रमांक चारचं डावं बटण दाबल्यावर चिकटून बसतंय, हे गणराजच्या लक्षात येतं. तो वहीच्या कागदावर तसं लिहून कागदपत्रांच्या कक्षात देतो. नऊ दिवसांनी त्याची डाव्या हाताची दोन बोटं जातात. पुढे दवाखाना, चौकशी, घर, आणि त्या हातानं नवं काही शिकायची धडपड. चांगलं लिहिलं होतं हो. कॅन्टीनमध्ये डावखुरा गणराज चमच्यानं भात खायला शिकतो, ते टाइप करताना मी थांबले होते.

आणि साहेबरावांची शिस्त अशी की त्या जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात एक जागा मोकळी नाही. 'चहा उतू जातो' याला जबाबदार केसरबाई. 'वारा सुटतो' याला जबाबदार निसर्ग. कुत्रं भुंकलं तरी जबाबदार कुत्रं. मी चिडवायची त्यांना यावरून, आणि ते ओशाळून हसायचे.

मग सोळावं दृश्य आलं. साहेबराव वाचत होते.

"सोळा दोन. बटण चिकटत असल्याबाबतची चिठ्ठी कक्षात प्राप्त. सोळा तीन. चिठ्ठी विहित नमुन्यात नसल्याने परत करण्यात आली. झालं, पुढं चला. सतरा एक..."

"थांबा. कुणी परत केली?"

"परत करण्यात आली."

"काका, ते ऐकलं मी. कॅमेऱ्याला दिसणार काय? चिठ्ठी काय वाऱ्यानं परत गेली?" मी फाईल ओढून घेतली. सोळा तीनच्या ओळीत जबाबदार व्यक्तीचा रकाना कोरा होता. दोनशे बारा पानांत तेवढा एकच.

"विभाग लिहा," साहेबराव म्हणाले.

मी लिहिलं. पात्राच्या जागी 'विभाग', एंटर, आणि संवाद: 'फॉर्म भरून आणा.'

"विभागाला तोंड कुठलं?" मी म्हटलं. "उद्या नट उभा करायचा तर कुणाला करणार? इथं माणसाचं नाव लागतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग फाईल तिथेच ठेवून उठून गेले. मी बावचळले. आपण फार बोललो का? पण बोलले तरी काय होते मी, नावच तर विचारलं होतं. पुढचे दोन दिवस ते आले नाहीत आणि मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडत राहिले.

तिसऱ्या दिवशी आले. स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाले, "साहेबराव लिहा."

"कुठे?"

"विभागाच्या जागी."

एवढं सगळं समोर असून मला तोपर्यंत कळलं नव्हतं. मला वाटत होतं, कंपनीत घडलेलं काहीतरी कानावर आलं आणि यांनी लिहिलं. ते मला सगळं सांगत गेले, तेव्हा त्यांची ती परिपत्रकाची भाषा कुठल्या कुठे गेली.

"गणराज खराय, ताई. सहा वर्षं झाली. वहीचा कागद घेऊन आला माझ्याकडं. कंत्राटी पोरांना तक्रारीचा फॉर्म मिळतच नव्हता, ते मला म्हाईत होतं. तरी म्हणलं, फॉर्ममधी आण. मला वाचायचीबी गरज वाटली नाही. चौकशीला साहेबांनी विचारलं, तक्रार आली होती का? मी म्हणलं, विहित नमुन्यात तक्रार आलेली नाही. खोटं बोललो नाही मी. शब्दाला शब्द खरं होतं. साहेबांनी पाठ थोपटली. त्या दिवसापासून ह्ये लिहायलोय."

राग यायला हवा होता. एरवी मला चहा गार झाला तरी येतो. मी 'विभाग' खोडलं आणि 'साहेबराव' लिहिलं.

त्या एका नावानं काम वाढलं. माणूस आला म्हटल्यावर तो कुठे बसलाय, टेबलावर काय आहे, गणराज आत येतो तेव्हा तो काय करत असतो, सगळं लिहायला लागलं. साहेबराव सांगायचे आणि मध्येच विचारायचे, "मी असा बसायचो का?" आता मी काय सांगणार? मी कधी पाहिलंय त्यांना तिथे?

दोनशे बारा पानांचा तक्ता एकशे चार पानांत बसला. मर्यादा एकशेवीसची होती. आम्ही खुशीत होतो. आणि बुधवारी, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, साहेबरावांना नियमाच्या दुसऱ्या पानावरचं कलम दिसलं: कथा खऱ्या व्यक्तीवर बेतली असल्यास तिचं संमतिपत्र जोडावं. चोवीस वर्षं लोकांना बारीक अक्षरं वाचा म्हणून दटावणाऱ्या माणसाकडून हे कलम सुटलं होतं.

"मग सही घ्या त्याची," मी म्हटलं.

"सहा वर्षांत मी त्याच्यासमोर उभा राहिलो नाही, ताई."

"मग नका पाठवू. राहू द्या कुणी न वाचलेली."

जरा कडकच बोलले, पण त्यांनी फोन लावला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, कारण ते रस्त्यावर जाऊन, माझ्याकडे पाठ करून बोलत होते.

गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. सुट्टीचा दिवस म्हणून वीजवाल्यांची दुरुस्तीही त्याच दिवशी. सकाळपासून लाईट नव्हती, ती तीनला आली. मग पानांचे क्रमांक, पहिलं पान, पीडीएफ. एक प्रत छापून घेतली. मेल लिहून तयार ठेवला. संमतिपत्र टाइप केलं, खाली सहीची जागा. चारला गणराज आला.

पस्तिशीचा असेल. आता मोशीला एका सोसायटीच्या गेटवर असतो, ड्युटी संपवून निळ्या गणवेशातच आला होता. साहेबराव उभे राहिले. मीच म्हटलं, "बस रे भावा. चहा सांगते."

साहेबरावांनी संमतिपत्र पुढे केलं. गणराजनं ते वाचलं आणि म्हणाला, "आदी वाचू का, काय लिव्हलंय ते?"

"वाच. सगळं वाच," साहेबराव म्हणाले. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली तो वाचणारा समोर बसला होता आणि हा माणूस घाबरून गेला होता.

गणराज पान उलटत गेला, डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी. कॅन्टीनच्या दृश्यावर हसला. "केसरबाईचा च्या खरंच उतू जायचा, व्हय." आईच्या दृश्यावर बराच वेळ थांबला. मग तो सोळाव्या दृश्यापाशी आला. दोनदा वाचलं. एक पान पुढे जाऊन पुन्हा मागे आला.

"साहेब, ह्यात चिठ्ठी एकदाच हाय."

"हो."

"मी तीनदा आलतो."

साहेबरावांनी मान हलवली. "नाही," ते म्हणाले. "एकदाच. वहीचा कागद होता."

"त्यो पयला. मंग दोन दिसांनी आलो, तवा तुमी जेवायला निघाला व्हता. उद्या ये म्हणाला. आन् मंग तिसऱ्यांदा."

"तीनदा?" साहेबरावांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी तिथे होते. मग ते बॉक्स फाईल उघडून आतले जुने कागद चाळायला लागले. "नोंद असती ना. माझ्याकडं नोंद असतीच."

"नोंद कशी असंल साहेब? तुमी घेतलंच न्हाई तर?"

गणराजच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यानं चहा संपवला आणि संमतिपत्र ओढून घेतलं. "द्या पेन. आमी करतो सही. तुमी स्वताचं नाव घातलंय, तेवढं तरी कोण करतंय? पाठवा तुमी. येळ व्हईल."

साडेपाच होऊन गेले होते. मी मेल उघडून बसले होते. साहेबरावांनी संमतिपत्रावर हात ठेवला.

"थांब. तिसऱ्यांदा कशावर लिहून आणलं होतंस?"

गणराज जरा घुटमळला. "फॉर्मवर. परमनंटवाल्या एकाकडनं फॉर्म मागून घेतलेला. समदा भरलेला. फकस्त सुपरवायझरची सही न्हवती. त्यो रजेवर व्हता."

साहेबराव खाली बसले. मला आधी उमगलं नाही, मग हळूहळू उमगलं. म्हणजे चौकशीत त्यांनी सांगितलेलं ते वाक्य, ज्याला धरून ते सहा वर्षं उभे होते, तेही खरं नव्हतं. नमुन्यात तक्रार आली होती. आणि त्यांना ती आठवत नव्हती. खोटं सांगत नव्हते ते. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"काका, वीस मिनिटं आहेत," मी म्हटलं. "आत्ता पाठवू. पुढे निवड झाली तर शिबिरात दुरुस्त करा."

"न्हाई."

"तीन आठवडे माझी बोटं मोडलीत यात!"

"ताई, दोन दृश्यं वाढवायची आहेत. सोळानंतर."

"वीस मिनिटांत?"

"कितीबी येळ लागू द्या."

मी मेल बंद केला. रागानं केला, हे कबूल करते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझं काम कुठेतरी जाणार होतं. मग मी वर्डची फाईल उघडली आणि सोळावं दृश्य संपतं तिथे कर्सर नेला.

गणराज सांगत गेला. जेवणाच्या वेळेचं दृश्य झालं. मग तिसरं. आत, कागदपत्रांचा कक्ष, दिवस. गणराज फॉर्म पुढे करतो. गणराजचा एक संवाद झाला. मी एंटर मारून पात्राच्या जागी 'साहेबराव' लिहिलं, पुन्हा एंटर, आणि कर्सर संवादाच्या जागी जाऊन लुकलुकायला लागला.

"मी काय म्हणालो?" साहेबरावांनी गणराजला विचारलं.

"काईच न्हाई."

"काहीतरी म्हणालो असंन."

"न्हाई साहेब. सहीच्या जागंवर बोट ठिवलं आन् कागद माघारी सरकवला."

बोलणंच नाही म्हटल्यावर तिथे नाव ठेवता येईना. मी ते खोडलं आणि वर्णन लिहिलं: साहेबराव फॉर्म न बघताच परत सरकवतो. वाचून दाखवलं. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून गेले होते, पण तिकडे कुणी बघितलं नाही.

साहेबरावांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "न बघता नाही, ताई. सही नाही हे कळायला फॉर्म बघावा लागतो. वरपासून खालपर्यंत. मशिन नंबर, डावं बटण, सगळं. आणि सही सगळ्यात शेवटी असती."

"मग काय लिहू?"

"साहेबराव फॉर्म वाचतो, असं लिहा."

मी लिहिलं. त्यांनी गणराजकडे पाहिलं.

"व्हय," गणराज म्हणाला. "वाचला व्हता तुमी."